मेव्हण्यांचा अंदाज

मिस्त्री आणि त्यांचे मेव्हणे गेली नऊ वर्षं दर रविवारी सकाळी अकरा वाजता फोनवर एकाच विषयावर बोलत आले होते. मिस्त्रींनी भाड्यानं देण्यासाठी एक घर घ्यायचं, ते कधी? घ्यायचं की नाही हा मुद्दा पहिल्या दोन महिन्यांतच निकालात निघाला होता. घ्यायचं, त्याबद्दल दुमत नव्हतं. राहता राहिली वेळ. तिला नऊ वर्षं लागली, यात दोघांनाही काही वावगं वाटत नव्हतं.

मिस्त्री लिफ्टचे. शहरातल्या एकतीस इमारतींच्या लिफ्ट त्यांच्याकडे देखभालीला होत्या, आणि वयाच्या अठ्ठावन्नाव्या वर्षीही ते मशीनरूमच्या लोखंडी शिडीवर हातातली पिशवी खाली न ठेवता चढत. मेव्हणे म्हणजे त्यांच्या धाकट्या बहिणीचे यजमान. ते रेल्वेनं एक अख्खा दिवस लागेल इतक्या लांबच्या गावी राहत. हवामान खात्यात तेहतीस वर्षं काढून ते निवृत्त झाले होते. नातेवाइकांत त्यांना 'वेधशाळा' म्हणत. तोंडावर कोणी म्हणत नसे, पण त्यांना ते माहीत होतं. सगळा संसार त्यांनी 'शक्यता आहे' आणि 'तुरळक ठिकाणी' एवढ्या भांडवलावर केला होता. पानं घेऊ का असं बायकोनं विचारलं तरी ते आधी खिडकीबाहेर बघत आणि मग 'हरकत नसावी' म्हणत.

दोघं एकमेकांना मेव्हणेच म्हणत, त्यामुळे तिसऱ्या माणसानं ऐकलं असतं तर कोण कोणाला सल्ला देतंय हे त्याला कळलं नसतं. पण तिसरा माणूस नव्हताच. तिथूनच तर हे सगळं सुरू झालं होतं.

मिस्त्रींची बायको गेली तेव्हा बहीण आणि मेव्हणे आठवडाभर राहून गेले. निघताना स्टेशनवर मेव्हणे म्हणाले, रविवारी फोन करीन. आणि त्यांनी केला. पहिल्या रविवारी झोप लागते का विचारलं. दुसऱ्या रविवारी जेवणाचं कसं करता विचारलं. तिसऱ्या रविवारी झोप आणि जेवण दोन्ही विचारलं. पाचव्या रविवारी दोघांकडचंही सगळं संपलं. एकमेकांचा श्वास ऐकत दोन पोक्त पुरुष फोन धरून बसले होते, आणि ठेवतो म्हणायला कोणीच धजत नव्हतं. शेवटी मेव्हण्यांनी घसा खाकरला आणि वहिनींच्या ऑफिसातून जे पैसे मिळाले त्यांचं काय ठरवलंत, असं विचारलं. मिस्त्री म्हणाले, काही नाही, पडून आहेत. मेव्हणे म्हणाले, असे पडू देऊ नका, एखादं लहानसं घर घेऊन भाड्यानं द्या, म्हातारपणी आधार होईल. मिस्त्री म्हणाले, घेऊ की. त्यावर मेव्हणे घाईघाईनं म्हणाले, पण आत्ता नको.

त्या दिवशी फोन चाळीस मिनिटं चालला.

त्यानंतर मागे वळून बघावं लागलं नाही. कर्जाचे दर चढले तेव्हा मेव्हणे म्हणाले, आता उतरतील, थांबा. उतरले तेव्हा म्हणाले, अजून उतरायला वाव आहे. वाव संपला तेव्हा घरांच्या किमती चढल्या होत्या, आणि चढलेल्या किमतीला घेणं म्हणजे शुद्ध वेडेपणा. किमती पडल्या तेव्हा पडत्या बाजारात हात घालायचा नसतो असं निघालं. एक वर्ष तर किमतीही हलल्या नाहीत आणि दरही हलले नाहीत. मेव्हणे म्हणाले, ही शांतता मला काही बरी दिसत नाही.

मिस्त्रीही आपल्या बाजूनं कमी पडत नसत. रविवारी बोलायला काहीतरी हवं म्हणून ते शनिवारी घरं बघून येत. न्हाणीघरातली ओल, शेजाऱ्यांचा कुत्रा, पाण्याचा दाब, सगळं कागदावर टिपून आणत. भागातले दलाल त्यांना ओळखू लागले. आधी चहा देत, मग पाणी देत, मग नुसती किल्ली देऊ लागले. रविवारी साडेदहाला मिस्त्रींची आंघोळ उरकलेली असे. फोनवर दिसत नाही हे माहीत असूनही ते इस्त्रीचा शर्ट घालत.

बाकीचा आठवडा सांगण्यासारखा नव्हता. पूर्वी लिफ्ट अडकली की आतला माणूस घंटा वाजवायचा, मिस्त्रींना फोन जायचा, आणि दार उघडेपर्यंत त्याला घाबरू न देण्यासाठी मिस्त्री बाहेरून त्याच्याशी गप्पा मारायचे. कुठे निघालात, घरी कोण असतं, स्वयंपाक कोण करतं. आता नव्या यंत्रांनी स्वतःचा बिघाड स्वतःच कंपनीला कळवायला सुरुवात केली होती. कंपनी मिस्त्रींना मेसेज पाठवायची, त्यात इमारतीचा नंबर आणि बिघाडाचा नंबर. दोन वर्षांनी निवृत्ती होती. त्यानंतर तो मेसेजही येणार नव्हता.

अशात एका सोमवारी टाकीजवळच्या इमारतीतल्या भूगोलाच्या बाईंनी त्यांना वर बोलावलं. बाई निवृत्त शिक्षिका, चौथ्या मजल्यावर एकट्या राहत. काही वर्षांपूर्वी त्या लिफ्टमध्ये चाळीस मिनिटं अडकल्या होत्या. मिस्त्रींनी बाहेरून घरी कोण असतं असं विचारल्यावर त्यांनी आतून 'तुम्ही आधी दार उघडा' असं उत्तर दिलं होतं. तेव्हापासून दोघांत एक प्रकारची ओळख होती.

बाई आता बहिणीकडे राहायला चालल्या होत्या. दोन खोल्यांचं घर विकायचं होतं, दलाल नको होता.

"मिस्त्री, तुम्ही घर शोधताय म्हणे."

"शोधतोय असं नाही. बघतोय."

"किती दिवस?"

मिस्त्रींनी सांगितलं. बाईंनी चष्मा काढला, पुसला, परत लावला आणि त्यांच्याकडे गृहपाठ न आणलेल्या मुलाकडे बघावं तसं बघितलं. मग किंमत सांगितली. किंमत इतकी रास्त होती की मिस्त्रींना खोट काढायलाही जागा राहिली नाही. गुरुवारी संध्याकाळी पाचपर्यंत सांगा, त्या म्हणाल्या, नाहीतर तळमजल्यावरचा दातांचा डॉक्टर घेणार आहे. त्याला पेशंटांच्या दातांचे साचे ठेवायला जागा हवी होती.

"रविवारपर्यंत थांबता येईल का?"

"रविवारी काय आहे?"

"मेव्हण्यांना विचारलं असतं."

"मेव्हणे पैसे घालणार आहेत?"

"नाही."

"इथे राहायला येणार आहेत?"

"नाही."

"मग त्यांचं काय काम?"

 मिस्त्रींनी उठून घर बघितलं. नळ सोडून बघितले, दारं लोटून बघितली. आतल्या खोलीच्या एका भिंतीपलीकडे लिफ्टचा मार्ग होता. ही भिंत मिस्त्री चौदा वर्षं पलीकडच्या बाजूनं बघत आले होते. तिच्यावर कुठे तेलाचा ओघळ आहे, कुठे गवंड्यानं विटा तिरक्या लावल्या आहेत, हे त्यांना तोंडपाठ होतं. अलीकडे तिला फिकट हिरवा रंग असेल असं कधी मनात आलं नव्हतं.

बाई मागून येऊन उभ्या राहिल्या. या घराच्या आधी आपण वीस वर्षं एका बाईंकडे भाड्यानं राहत होतो, असं त्यांनी सांगितलं. पहिल्या तारखेला भाडं द्यायला त्यांच्याकडे जायचं, त्या चहा टाकायच्या, तास दोन तास कसे जायचे कळायचं नाही. दिवाणखान्याचा पंखा बिघडला की दहा वेळा तरी जाऊन सांगावं लागायचं. त्या गेल्या तेव्हा मला मावशी गेल्यासारखं झालं, बाई म्हणाल्या, आणि पंखा शेवटपर्यंत नीट झाला नव्हता.

हे ऐकून मिस्त्री जिना उतरले. लिफ्ट चालू होती, पण लक्षात आलं नाही.

सोमवार, मंगळवार त्यांनी विचार केला. मंगळवारी मेव्हण्यांना फोन लावायला घेतला आणि ठेवून दिला. मंगळवारी फोन गेला तर कोणीतरी गेलं असंच बहिणीला वाटलं असतं. शिवाय मेव्हणे काय म्हणणार हे मिस्त्रींना ठाऊक होतं. ते म्हणणार, थांबा. थांबलं तर या घरात दातांचे साचे राहायला येणार. आणि न थांबता घर घेतलं तर? मिस्त्रींनी स्वतःशी प्रामाणिकपणे हिशेब मांडला. घर घेतलं की प्रश्न सुटतो. प्रश्न सुटला की रविवारी अकराला मेव्हणे अभिनंदन म्हणणार, त्याच्या पुढच्या रविवारी झोप लागते का विचारणार, त्याच्या पुढच्या रविवारी जेवणाचं. मग दोघं फोन धरून बसणार. नऊ वर्षांपूर्वी जिथे होतो तिथेच, फक्त एक घर जास्त.

दुसऱ्या पारड्यात भाडेकरू होता. पहिल्या तारखेला येणारा, चहा घेणारा, पंख्याची तक्रार करणारा. पंखा बिघडेलच असं नाही, पण काहीतरी बिघडेल. चाळीस वर्षांच्या अनुभवानं मिस्त्रींना एवढं निश्चित माहीत होतं की काहीतरी बिघडतंच.

गुरुवारी पावणेपाचला ते चेक घेऊन चौथ्या मजल्यावर गेले. बाईंनी चेकवरच्या तारखेपासून सहीपर्यंत सगळं तपासलं आणि 'शाबास' म्हणाल्या.

रविवारसाठी मिस्त्रींनी वाक्य तयार ठेवलं होतं. मेव्हणे, एक गोष्ट झाली. त्यापुढे फारसं काही नव्हतं, पण सुरुवात बरी होती. अकरा वाजता फोन आला. मेव्हण्यांचा आवाज वेगळाच खुशीत होता. आठवडाभर बसून त्यांनी नऊ वर्षांच्या दरांचा आलेख काढला होता. त्यासाठी खास चौकटींचा कागद आणला होता, तीन रंगांच्या पेन्सिली आणल्या होत्या. कुठला उंचवटा कुठल्या महिन्यात आला ते त्यांनी एकेक करून वाचून दाखवलं.

"आता आपण अगदी जवळ आलोय, मेव्हणे," ते म्हणाले. "फार तर दोन तिमाही. एवढे थांबलो, आता घाई करायची नाही."

आपण, असं ते म्हणाले. मिस्त्रींच्या तोंडाशी आलेलं वाक्य होतं तिथून परत खाली गेलं.

"बरं," मिस्त्री म्हणाले.

पुढच्या रविवारी सांगायचं ठरलं होतं, पण तेव्हा गेल्या रविवारी का नाही सांगितलं हेही सांगावं लागलं असतं. त्याच्या पुढच्या रविवारी दोन रविवारांचं सांगावं लागलं असतं. लिफ्टच्या बाबतीत मिस्त्री कधी असं करत नसत. ब्रेक घासू लागला की त्याच दिवशी बदलायचा हा त्यांचा नियम होता. पण लिफ्टशी त्यांचं नातं नव्हतं.

खरेदीचे कागद झाले. साक्षीदार म्हणून दातांचा डॉक्टर आला आणि जरा नाराजीनंच सही करून गेला. मग मिस्त्रींनी घर हातात घेतलं, आणि इथे त्यांच्या हातून एक चूक झाली. त्यांनी घर नीट केलं. भाडेकरूसाठी घर नीट करायचं म्हणजे लोक वरून रंगाचा एक हात मारतात. मिस्त्रींनी नळ बदलले, वायरी बदलल्या, बिजागऱ्यांना तेल घातलं, दारं-खिडक्यांच्या कड्या एका बोटानं लागतील अशा बसवल्या. पंखा उतरवून त्याचं बेअरिंग नवीन टाकलं. लिफ्टची घरघर भिंतीतून येऊ नये म्हणून मशीनखाली रबराचे जाड तुकडे घातले. दीड महिना हे चाललं होतं. त्या घरात आता पुढची वीस वर्षं काही बिघडणं शक्य नव्हतं.

भाडेकरू म्हणून एक नर्स आली. पाळ्यांची नोकरी, तरुण, एकटी. किल्ली देताना मिस्त्रींनी तिला आपला नंबर दोनदा सांगितला आणि काहीही झालं तरी फोन करा, वेळ बघू नका, असं बजावलं. तिनं जरा संशयानं त्यांच्याकडे बघितलं. भाडं दर पहिल्या तारखेला सकाळी सात वाजून एक मिनिटानं बँकेत जमा होऊ लागलं. ते पाठवायलाही ती स्वतः उठत नसावी, बँकच पाठवत असावी. पहिल्या महिन्यात फोन आला नाही. दुसऱ्या महिन्यात आला नाही. चौथ्या महिन्यात नळाचं वायसर बघायचं निमित्त काढून मिस्त्री स्वतःच गेले. तिनं साखळी लावूनच दार किलकिलं केलं. रात्रपाळी करून झोपली होती, गालावर उशीची घडी उमटली होती.

"सगळं छान आहे, काका," ती म्हणाली. "काही म्हणजे काहीच त्रास नाही."

अशी भाडेकरू मिळायला नशीब लागतं, असं दातांचा डॉक्टर म्हणाला. मिस्त्रींनी मान डोलावली.

आठव्या महिन्यात तिचा मेसेज आला की दुसऱ्या गावी नोकरी मिळाली आहे, महिन्याची आगाऊ सूचना देत आहे. शेवटच्या दिवशी दुसरा आला की किल्ली वॉचमनकडे ठेवली आहे, धन्यवाद. हे दोन मेसेज मिस्त्रींनी फोनमध्ये जपून ठेवले. तेवढाच पत्रव्यवहार.

ती गेली त्याच्या दुसऱ्या दिवशी रविवार होता. मिस्त्री सकाळीच किल्ली घेऊन वर गेले, पिशवीत सगळी हत्यारं घेऊन. नळ सोडले, दिवे लावले, खिडक्या उघडल्या-मिटल्या. काही बिघडलं नव्हतं. ओटा असा घासलेला होता की ती इथे जेवली तरी होती का असा प्रश्न पडावा. भिंतीवर एक खिळासुद्धा ठोकलेला नव्हता. आतल्या खोलीत पलंगाच्या चार पायांचे चार पुसट गोल फरशीवर राहिले होते. बाकी आठ महिन्यांची काही खूण नव्हती. हत्यारांची पिशवी त्यांनी न उघडताच दाराशी ठेवली.

अकरा वाजले. फोन वाजला.

"तुमचा आवाज घुमतोय," मेव्हणे म्हणाले. "कुठे आहात?"

"मशीनरूममध्ये. तातडीचं काम निघालं."

"रविवारी?"

"लिफ्टला कुठे रविवार असतो."

एरवी मेव्हणे लगेच दरांवर आले असते. आज ते थांबले. पलीकडे बहीण कुठेतरी भांडी लावत होती, ते ऐकू येत होतं. मग भांड्यांचा आवाजही थांबला.

"मेव्हणे, घ्या," ते म्हणाले.

"काय घ्या?"

"घर. घेऊन टाका आता. थांबू नका."

मिस्त्रींनी फोन कानापासून दूर धरून बघितला, नंबर मेव्हण्यांचाच होता. ज्या माणसानं उद्या सूर्य उगवेल असंही कधी ठामपणे सांगितलं नव्हतं, तो सरळ घ्या म्हणत होता. त्यांनी काय झालं असं विचारलं. मेव्हणे चाचरत म्हणाले की तुमची बहीण काल रागावली. तिचं म्हणणं, दादाचं वय काय झालं, दहा वर्षं व्हायला आली, तुम्ही त्याला नुसतं अडकवून ठेवलंय.

"बरोबर आहे तिचं," ते म्हणाले. "आलेख परत काढून बघितला. पहिल्या रविवारी घेतलं असतं तरी चाललं असतं. कधीही घेतलं असतं तरी चाललं असतं. माझे अंदाज खात्यातही फारसे बरोबर यायचे नाहीत, तुम्हाला म्हणून सांगतो. तेव्हा घ्या. म्हणजे मीही सुटलो."

शेवटचं वाक्य त्यांनी हलक्या आवाजात म्हटलं. सुटलेल्या माणसाचा आवाज असा नसतो, हे मिस्त्रींना कळलं. बंद दारांमागचे आवाज ऐकण्यात त्यांचं आयुष्य गेलं होतं.

खरं सांगायला यापेक्षा सोपी वेळ मिळाली नसती. घेतलं मेव्हणे, कधीच घेतलं, तुमच्या अंदाजानंच घेतलं, असंही म्हणता आलं असतं. तेवढं खोटं चाललं असतं. मेव्हणे खूश झाले असते, बहीण फोनवर आली असती, थोडी रडली असती. चौकटींचा कागद आणि तीन पेन्सिली कुठल्यातरी खणात गेल्या असत्या. मिस्त्री त्या चार पुसट गोलांच्या मधोमध उभे होते. नाहीतरी बसायला काही नव्हतं.

"एक घर बघून ठेवलंय खरं," ते म्हणाले. "टाकीजवळ. चौथा मजला."

"मग झालं. घ्या."

"भिंतीपलीकडे लिफ्ट आहे पण."



"आवाज येतो?"

"पूर्वी यायचा. आता येत नाही. अगदीच शांत आहे."

"मग चांगलंच आहे की."

"आधीची भाडेकरू टिकली नाही म्हणे."

"टिकली नाही?" मेव्हण्यांच्या आवाजात काहीतरी हललं. "का बरं?"

"कळलं नाही," मिस्त्री म्हणाले. "सगळं नीट होतं. पण गेली."

फोनमधून खुर्ची ओढल्याचा आवाज आला. मग खण उघडल्याचा, मग कागद उलगडल्याचा.

"मेव्हणे, मग हे जरा बघायला हवं," मेव्हणे सावकाश म्हणाले. "भाडेकरू टिकत नसेल तर काहीतरी कारण असणार. तुमची बहीण काहीही म्हणो, अशात घाई करणं मला काही... थांबा, गेल्या वर्षाचा कागद काढतो."

"काढा. मी आहे."

मिस्त्रींनी फोनचा आवाज पूर्ण मोठा केला आणि तो खोलीच्या मधोमध फरशीवर ठेवला. रस्त्यावरचा गोंगाट आत येऊ नये म्हणून खिडकी लावली. कडी एका बोटानं लागली. मेव्हण्यांचा आवाज रिकाम्या खोलीत भिंतींवर आपटून दुप्पट झाला, आतल्या खोलीतून स्वयंपाकघरापर्यंत गेला, आणि घरात माणसं असल्यासारखं वाटू लागलं. मिस्त्री भिंतीला पाठ टेकून खाली बसले. मेव्हणे फेब्रुवारीपासून सुरुवात करून एकेक महिना वाचत होते. दोन महिन्यांच्या मध्ये ते थांबले की मिस्त्री फोनकडे वाकून 'बरं' म्हणत होते.